आतली वाट

मंडळी, आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर आता संगणकावर गेले आहे. त्या जाडजूड वह्यांत जन्मतारीख, जात, आईचे नाव आणि शाळा सोडल्याचे कारण असे. सातवीतून गेलेल्या कितीतरी मुलींपुढे त्या रकान्यात 'लग्न' एवढाच शब्द आहे. काही नोंदी माझ्याच अक्षरातल्या. जगाने त्या का वाचाव्यात? म्हणून हे काम करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला विचारले, "अरे, हे सगळे आहे कुठे?"

"क्लाउडवर, सर. मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये दोन सर्व्हर भाड्याने घेतलेत. एकावर वेबसाइट, दुसऱ्यावर डेटाबेस."

"आणि ते दोघे एकमेकांशी बोलतात ते काय रस्त्यावर उभे राहून?"

हसला. पण प्रश्न बरोबर होता! (मास्तरकीची खोड, दुसरे काय.)

बाहेरून येणाऱ्याला फक्त वेबसाइटचा सर्व्हर दिसतो. ती ओसरी. डेटाबेस माजघरात. त्याला बाहेरचा पत्ताच दिलेला नाही, फक्त १०.०.२.१५ असा आतला पत्ता. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने असे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. १० ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक, शिवाय १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. पुण्यातल्या वाड्यावाड्यांत 'खोली नंबर ३' असायची ना, तसेच हे. पाकिटावर नुसते तेवढेच लिहिले तर पोस्टमन पत्र नेणार कुठे? इंटरनेटवरचे राउटरही असा पत्ता पुढे नेत नाहीत.

गंमत पुढेच आहे. दोन वाड्यांमधली भिंत फोडून वाट काढायची, तर दोन्हीकडे नंबर ३ नको. क्लाउडमध्ये याला पिअरिंग म्हणतात, आणि पत्ते एकमेकांवर आले तर ते होतच नाही. ॲमेझॉन नव्या खात्याला जे आयते जाळे देते ते १७२.३१ चे, म्हणजे सगळ्यांना सारखेच. तेव्हा नंबर आधी विचार करून द्यावेत हे बरे.

मात्र आतली वाट म्हणजे कुलूप नव्हे. ओसरीत चोर शिरला तर माजघर दोन पावलांवर! म्हणून डेटाबेसचे ५४३२ हे एकच पोर्ट उघडे, तेही फक्त वेबसाइटच्या सर्व्हरला. पासवर्ड आणि एन्क्रिप्शन वेगळेच.

असो. बॅकअपची प्रत कुठे ठेवायची यावर आमचे अजून जमलेले नाही. तो म्हणतो, दुसऱ्या शहरात, हैदराबादला. मी म्हणतो, ठेव बाबा, पण तिथे कोण कोण वाचू शकेल ते आधी कागदावर लिहून दे. देतो म्हणालाय.