बंडखोर कुणी ठरवलं?

इतिहासाचे सर रजेवर असले की तो तास माझ्या वाट्याला येतो. मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. सनावळ्यांत अडखळतो, गोष्टीत रमतो. सिकंदराच्या नंतर काय झालं ते सांगताना मी फळ्यावर लिहिलं, ‘अँटिओकस तिसरा याने बंडखोरांकडून गमावलेला प्रदेश परत मिळवला.’ मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, बंडखोर कुणी ठरवलं?” घंटा झाली म्हणून मी सुटलो.

घरी येऊन पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार काढून बसलो. अँटिओकस हा सेल्युकसचा वंशज. चंद्रगुप्त मौर्याकडून ५०० हत्ती घेऊन सिंधूकडचा मुलूख सोडणारा सेल्युकस तो हाच. इ.स.पू. २२३ मध्ये अँटिओकस गादीवर आला तेव्हा पार्थिया आणि बॅक्ट्रिया केव्हाच वेगळे झाले होते. इ.स.पू. २१२ ला आर्मेनियापासून त्याने सुरुवात केली. वाटेत एकबटाना लागलं, म्हणजे आपल्या उर्दू पुस्तकांतलं हमदान. तिथल्या देवळातलं सोनं-चांदी काढून त्याने जवळजवळ ४,००० टॅलेंटची नाणी पाडली. फौज म्हटली की खर्च आलाच!

पार्थिया नमल्यावर बॅक्ट्रियाची पाळी. हरीरूद नदीवर युथिडेमस राजाचे १०,००० घोडेस्वार वाट अडवून होते. अँटिओकस स्वतः पुढे घुसला. घोडा मारला गेला, तोंडावर घाव बसून काही दात पडले. पण लढाई त्याने जिंकली. मग बल्खला वेढा. दोन वर्षं गेली, शहर काही पडेना.

अखेर बोलणी सुरू झाली आणि युथिडेमसने जे सांगितलं ते वाचून मला ती मुलगी आठवली. तो म्हणाला, मी बंडखोर नाहीच. बंड दुसऱ्यांनी केलं. त्यांच्या वंशजांना संपवून मी हे राज्य घेतलं. शिवाय उत्तरेला भटक्या टोळ्यांचे जमाव टपलेत. त्यांना आत घेतलं तर दोघांचंही काही शिल्लक राहणार नाही.

युक्तिवाद बेरकी आहे, हात काही स्वच्छ नाहीत. तरी अँटिओकसला तो पटला, किंवा पटवून घ्यावा लागला. तहासाठी युथिडेमसचा मुलगा डेमेट्रियस आला. त्याला आपली मुलगी द्यायचं अँटिओकसने कबूल केलं, युथिडेमसला राजा ही पदवी ठेवू दिली आणि त्याचे हत्ती घेऊन हिंदुकुश ओलांडला. तिकडे सुभागसेन राजाशी जुनी मैत्री ताजी करून आणखी हत्ती घेतले. एकूण १५० झाले. परतल्यावर तो ‘थोर’ म्हणवू लागला. बल्खमध्ये मात्र राजा युथिडेमसच होता.

पुढे हाच थोर राजा रोमशी भिडला, मॅग्नेशियाला हरला. इ.स.पू. १८८ च्या तहात टॉरस पर्वतापलीकडचा आशिया मायनर गेला. वर्षभरात एलिमाइसमध्ये देऊळ लुटायला गेला आणि तिथेच मारला गेला.

मला बोचत राहिला तो माझाच शब्द. १८५७ ला कुणी बंड म्हणतं, कुणी गदर, कुणी स्वातंत्र्यसमर, हे मीच दरवर्षी निबंधाच्या तासाला सांगतो. आणि फळ्यावर मात्र राजाचा शब्द राजाच्याच बाजूने उतरवून मोकळा झालो होतो.

पुढच्या आठवड्यात मराठीच्या तासातली दहा मिनिटं काढून मी हे सगळं वर्गाला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे सर, त्याला परत नेमकं काय मिळालं?”

“हत्ती,” मी म्हणालो. वर्ग हसला. ती नाही हसली, वहीत काहीतरी लिहीत होती.