लाल दिव्याची गाडी

आपल्या घराण्यात लाल दिव्याची गाडी यावी, असे आमच्या आजोबांना फार वाटत असे. ती २००७ सालच्या उन्हाळ्यात आली. मात्र दिवा टपावर नव्हता, चालकासमोरच्या फलकावर होता. बडी चावडीच्या गर्दीत एका फळवाल्याच्या गाड्यामागे खोळंबलो असताना वडिलांच्या फियाटमधला तेलदाबाचा दिवा प्रथम मिणमिणला. पाय किंचित दाबला की विझे, काढला की पुन्हा लागे.

गाडी १९६८ सालची, फियाट डिलाइट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, इंजिन १०८९ सीसीचे. १९३३पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या या वस्तीत टांगा वळवतानासुद्धा कसब लागे, तेथे वडिलांनी तीस वर्षे ही गाडी वळवली. झहीराबाद, हुमनाबाद, नळदुर्ग या वाटेने दर नवरात्रात तिने आम्हांला तुळजापूरला नेले. वडील गेल्यावर ती आम्हां दोघा भावांकडे आली. तिची निगा कशी राखायची, हे मात्र वारशात आले नाही.

प्रथम आम्ही केले ते सगळेच करतात. दोष दिव्याचाच असणार, असे स्वतःला समजावून गोशामहलमधून नवा प्रेशर स्विच आणून बसवला. दिवा बधला नाही. मग जाड तेल घातले. दोन आठवडे बरे गेले आणि दिवा पुन्हा लागला. तेव्हा एका गॅरेजात गेलो. तेथील कारागिराने इंजिनाला कान लावला आणि मिनिटभरात निकाल दिला : बेअरिंगे गेली, क्रँक घासावा लागेल, तेलाचा पंप बदलावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. दाब किती आहे, हे त्याने मोजले नाही आणि मोजा, असे आम्हीही म्हटले नाही. वैद्याने नाडी न पाहता शस्त्रक्रिया सांगितली तर आपण उठून जातो. गॅरेजात मात्र मान डोलावतो.

भंगारवाल्याशी बोलणे झाले. रविवारी तो गाडी नेणार होता. आईला आम्ही गुरुवारी सांगितले. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "ह्यांच्या उस्तादांना एकदा दाखवलीत का रे?"

उस्ताद पुतळीबावलीला राहत. काम सोडून त्यांना बरीच वर्षे झाली होती. वडिलांना ते वकीलसाब म्हणत. शुक्रवारी नमाजानंतर ते चालत आले, हातात एक जुनी कापडी पिशवी. त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितले नाही. आधी विचारले, "तेल कित्ता पीती?"

आम्ही अभिमानाने सांगितले की, थेंबभरही नाही. दर रविवारी पट्टी काढून पाहतो. तेल खुणेखाली कधी जात नाही, उलट बोटभर वरच असते.

उस्ताद हसले नाहीत. "बुढ्ढा इंजन तेल नइं पिया तो डरना, साब," एवढेच म्हणाले. पट्टी ओढून त्यांनी ती आमच्या नाकाशी धरली. "सूँघो." पेट्रोलचा वास स्पष्ट होता. दोन महिने आम्ही ही पट्टी डोळ्यांनी पाहत होतो. नाकाशी एकदाही नेली नव्हती.

फियाटचा पेट्रोल-पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालतो. त्याच्या पोटात एक लवचीक पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल खाली तेलाच्या टाकीत झिरपते. जळून कमी होणाऱ्या तेलाची जागा पेट्रोल भरून काढीत होते आणि पातळी सुखरूप दिसत होती. आम्ही जिला प्रकृती समजलो, ती सूज होती.

दाबाचे गणितही उस्तादांनीच सांगितले, आमच्या अंगणातील नळाच्या दाखल्याने. पंप केवळ तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो वाट अरुंद असल्यामुळे. खालच्या बिऱ्हाडांतील सगळ्या तोट्या उघड्या असल्या की वरच्या मजल्यावर धार येत नाही, त्यात जलकुंभाचा दोष नसतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट वाढली तरी दाब पडतो आणि फट तीच राहून तेल ताकासारखे पातळ झाले तरीही पडतो. दिव्याला या दोहोंतला भेद कळत नाही.

मग पिशवीतून पितळी जोड लावलेला एक गोल मापक निघाला. आमचा नवाकोरा स्विच काढून त्यांनी तो त्या जागी बसवला आणि गाडी चालू करवली. थंड असताना काटा चाळीसवर होता. वीस मिनिटांनी, पंखा थांबवणाऱ्या उकाड्यात, मंद गतीवर तो सहावर आला. चौरस इंचाला सहा पौंड. हजार फेऱ्यांना दहा पौंड असावेत, असा जुन्या इंजिनांचा ढोबळ हिशेब. उस्तादांनी दोन्ही आकडे खडूने भिंतीवर लिहिले. तेल काढले, भरले होते त्याहून अर्धा लिटर अधिक निघाले. पंपाचा पडदा बदलला, जाळी धुतली, दाब सोडणाऱ्या झडपेची स्प्रिंग तपासून परत बसवली, नवे तेल भरले. पुन्हा वीस मिनिटे. काटा चौदावर थांबला. वेग दिला तेव्हा पस्तिसावर गेला.

"अठरा होना था," उस्ताद म्हणाले. मधले चार पौंड कोठे गेले, ते आम्ही विचारण्याआधीच त्यांनी सांगितले. पातळ तेलावर आम्ही दोन महिने गाडी हाकली, तेवढी बेअरिंगे झिजली. घरी वडिलांची जागा चालवतो आहोत, या समजुतीत आम्ही केलेली ती झीज होती. इंजिन उघडू का, असे विचारताच त्यांनी हात झटकला : "नक्को. चलने दो."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. मापक मात्र आईच्या हाती देऊन गेले. रविवारी भंगारवाला आला तेव्हा आईने त्याला चहा दिला आणि परत पाठवले.

२०२० साली मेट्रो आमच्या बाजारावरून धावू लागली. आता आम्ही गाडी केवळ पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी बाहेर काढतो. भिंतीवरचे खडूचे आकडे रंगकामात गेले; गरम इंजिनावर काटा हल्ली अकरावर थांबतो. पट्टी काढली की आधी नाकाशी नेतो, मग डोळ्यांपुढे.