बॅटरी भरली का?

2004 च्या पावसाळ्यात हे मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेले आणि धुक्यात वाट चुकले. रविवारी रात्री यायचे, ते सोमवारी दुपारी घरी पोहोचले. ती रात्र मी दाराशी बसून काढली.

"आता जीपीएसशिवाय जायचं नाही," मी निक्षून सांगितले. तळहातावर मावणारा कॉम्प्युटर ह्यांच्याकडे होताच, त्याला रिसीव्हर तेवढा हवा होता. दुकानदाराने दोन दाखवले. एक कार्डासारखा, कॉम्प्युटरच्या खाचेत बसणारा. स्वस्त, पण कॉम्प्युटरचीच बॅटरी खाणारा. दुसरा ब्लूटूथचा, काडेपेटीएवढा, स्वतःची बॅटरी असलेला. हे स्वस्ताकडे वळले.

"आणि गडावर बॅटरी संपली तर?" मी विचारले. शिवाय ब्लूटूथचा रिसीव्हर पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवून कॉम्प्युटर प्लॅस्टिकमध्ये कोरडा राहणार होता. महाग असूनही तोच घेतला.

घरात त्याला काही सापडेना. गच्चीवर नेला तेव्हा कुठे आमचे ठिकाण दिसले. नेमकी जागा कळायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात, हे मला तेव्हा समजले.

पुढच्या खेपेला ह्यांनी पायथ्याच्या पाचनई गावाची नोंद यंत्रात केली. परतताना यंत्राने गावाची दिशा अचूक दाखवली, पण सरळ रेषेत! मधला कडा त्याला काय ठाऊक? तो गावातल्या वाटाड्याला ठाऊक होता.

आज हे सारे मोबाइलमध्येच असते. तरी हे निघाले की मी दोनच प्रश्न विचारते, "बॅटरी भरली का? वाटाड्या ठरवला का?"