काट्यावरचे घर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही उभयता कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे चिरंजीवांकडे सहा महिन्यांच्या मुक्कामास गेलो. घरामागच्या अंगणात चार लोखंडी पायांवर उभी असलेली एक भली मोठी पेटी दिसली. पत्रा ठिकठिकाणी पोचलेला, कापड विटलेले आणि आत शिरताच ओल्या गोणपाटासारखा वास. चिरंजीवांनी ती भंगाराच्या आवारातून ४०० डॉलरला आणली होती. आयुष्यभर तारणाचे मूल्यांकन केलेल्या माणसाने जे म्हटले असते तेच मी मनात म्हटले : घसारा पूर्ण, प्रस्ताव नामंजूर.

"अण्णा, या खेपेला तुम्हा दोघांना यातूनच डोंगरात नेणार," तो म्हणाला. सौभाग्यवती गुडघ्याचे दुखणे विसरून त्या पेटीची खिडकी पुसू लागल्या होत्या. मी गप्प राहिलो.

तिकडे घरोघरी पिकअप ट्रक असतो. त्याच्या मागच्या हौद्यात बसवायचे हे घरकुल, म्हणजे कॅम्पर. प्रवासात छप्पर खाली बसते, त्यामुळे वारा कमी अडतो. मुक्कामी पोहोचल्यावर छप्पर वर उचलले की भोवतीचे जाड कापड ताठ होते आणि आत माणूस उभा राहू शकतो. दोन शेगड्या, पाण्याची टाकी, लहानसा फ्रीज, आणि ट्रकच्या टपावर पुढे आलेल्या भागात बिछाना. जॉन स्टाइनबेक हे थोर कादंबरीकार १९६० साली आपल्या कुत्र्याला घेऊन अशाच एका ट्रकवरील घरातून अमेरिका हिंडले होते. ती गाडी सलिनास या त्यांच्या गावी आजही जपून ठेवली आहे. त्यांचे छप्पर मात्र पक्के होते, आमच्यासारखे उचलायचे नव्हे.

कामाला सुरुवात झाली ती शनिवारी. बाहेरून पाहता फक्त एका कोपऱ्यावर फुगवटा होता. चिरंजीवांनी कोपऱ्याची ॲल्युमिनियमची पट्टी सोडवली, पत्रा बाजूला केला आणि आतल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड कसले, भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा तो भुगा होता. पट्टीखालचा चिकट मसाला वर्षानुवर्षांच्या उन्हाने वाळून तडकला होता आणि पाणी स्क्रूच्या भोकांतून थेंबाथेंबाने आत उतरले होते. पत्र्याला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही जसजसे उकलत गेलो तसतसा रोग लांबत गेला. पुढच्या बिछान्याखालचे प्लायवुड गेलेले, दोन उभ्या पट्ट्या गेलेल्या, थर्माकोलचा थर पाण्याने जड झालेला.

मला तेव्हा सांगलीतील एक गोदाम आठवले. हळदीच्या पोत्यांवर कर्ज दिले होते. तपासणीला गेलो, पुढच्या रांगांत बांबी खुपसून हळद पाहिली, मागच्या रांगा तशाच सोडल्या, कारण संध्याकाळ झाली होती आणि चहा आला होता. कर्ज थकले तेव्हा मागच्या पोत्यांत भुसा निघाला. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो मी दिला, पण आपण चहा घेत होतो हे काही त्यात लिहिले नाही.

चार महिने शनिवार-रविवार आम्ही बापलेक त्या पेटीशी झटलो. कुजका भाग काढायचा, चांगले लाकूड लागेपर्यंत मागे जायचे, तिथे नवी पट्टी डिंक आणि स्क्रूने जोडायची, नवे प्लायवुड कडांना रंग पाजूनच बसवायचे. कोपऱ्याच्या पट्टीखाली न वाळणारी ब्युटिलची चिकट पट्टी लावायची आणि स्क्रू आवळताना ती बाहेर ओघळेपर्यंत आवळायचे. ओघळली नाही तर तिथे पोकळी राहिली असे समजायचे. सूनबाईंनी कापडाची भोके आतून ठिगळे लावून बुजवली. मुलगा दहावीत असताना रेडिओ उघडून बसायचा आणि मी तो काढून घेऊन गणिताचे पुस्तक पुढे ठेवायचो. आता तो मला पटाशी कशी धरायची ते शिकवीत होता आणि न रागावता शिकवीत होता.

ऑगस्टच्या सुमारास मी ट्रकच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठी वाचली. माणसे आणि सामान मिळून ७६२ किलोपेक्षा अधिक भार नको, असे तिच्यावर होते. कॅम्परच्या पाटीवर वजन ४९९ किलो. रात्री वही काढली. मुलगा ७८, सूनबाई ५८, मी ७१, सौभाग्यवती ६२ : एकूण २६९. दोन्हींची बेरीज ७६८. पाण्याचा एक तांब्याही न भरता आम्ही ६ किलोने वर होतो.

दोनदा बेरीज केली. मग वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. चार महिन्यांचे शनिवार त्याने ज्यासाठी घातले, तेच हा कागद नाकारत होता. सहा किलोने काय बिघडते, असाही विचार आला. परंतु सिएरा नेवाडाच्या घाटात रस्ता ७,००० फुटांहून वर चढतो आणि उतारावर हे सारे ओझे ब्रेकवर येते. शिवाय पाणी आणि भांडी तर अजून मांडलेलीच नव्हती.

सकाळी वही पुढे ठेवली. त्याने ती वाचली, परत वाचली. "अण्णा, तुम्ही निवृत्त झालात ना?" एवढेच म्हणाला आणि बाहेर गेला. तासाभराने परतून म्हणाला, "पाटीवर विश्वास ठेवायचा नाही, असे तुम्हीच म्हणता. काट्यावर जाऊ."

महामार्गावरील ट्रकच्या थांब्यांवर तिकडे वजनकाटे असतात. थोडे पैसे भरून पावती मिळते, पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे. टाकी भरून आधी नुसता ट्रक नेला, मग कॅम्पर चढवून. फरक निघाला ५४१ किलो. पाटी कारखान्यातून निघतानाची, चार लोखंडी पाय आणि नंतर बसवलेला फ्रीज तिच्या हिशेबात नव्हता. म्हणजे मुलगा आणि सूनबाई धरून ६७७. उरले ८५. चाळीस लिटर पाणी, गॅसची टाकी, बॅटरी, भांडीकुंडी आणि अंथरुणे मिळून ९९ होत होते. चिरंजीवांनी तिथेच ठरवले : फ्रीज काढायचा. तो २५ किलोंचा होता. शिल्लक ११ किलो.

"आणि आम्ही?" सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही मागून मोटारीने, असे ठरले. बर्फाची पेटी आमच्याकडे. त्यांना त्या खिडकीशी बसून घाट पाहायचा होता. दिवसभर त्या माझ्याशी फारसे बोलल्या नाहीत, आणि ते मला रास्तच वाटले.

सप्टेंबरमध्ये निघालो. संपूर्ण घाटभर मी पुढच्या ट्रकची मागची चाके पाहत गाडी चालवली. सरोवराकाठी मुक्काम केला, मुलाने छप्पर उचलले, कापड ताठ झाले आणि सौभाग्यवती पहिल्यांदा आत गेल्या. खिडकीशी बसून त्यांनी शेगडीवर पिठले केले. गावाकडे फोन लावून नणंदेला म्हणाल्या, "आम्ही ट्रकवर राहतोय."

रात्री पाऊस आला. छपरावर त्याचा आवाज सुरू झाला तसे आम्ही चौघेही जागे झालो, पण कोणी काही बोलले नाही. मग मुलाने बॅटरी पेटवली आणि मी रुमाल घेऊन एकेक कोपरा टिपू लागलो. तीन कोरडे होते. डाव्या मागच्या कोपऱ्यात रुमालाला किंचित ओल लागली. मुलाने पेन्सिलने तिथे बारीक खूण केली, तारीख लिहिली आणि दिवा मालवला.