वरून कोणी उतरणार आहे का?

परवा काष्टीच्या बाजारात एक जण म्हणाला, "आता परग्रहावरून कोणी आलं तरच हे हवामान ताळ्यावर येईल." श्रीगोंद्याला कुकडीचं आवर्तन येतं त्या येडगाव धरणाजवळ, खोडद परिसरात जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडं कान लावून आहेत. परग्रहाचा सांगावा काही आलेला नाही.

डॉ. जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' कथा वाचा. मुंबईत बर्फ पडतं, जग गोठायला लागतं. परग्रहवाल्यांवरही त्यांनी लिहिलं, पण या कथेत मदतीला कोणी येत नाही. आधी शास्त्रज्ञाचं कोणी मनावर घेत नाही, मग माणसंच रॉकेटं सोडून वातावरण तापवतात. मला पहिला भाग जास्त खरा वाटतो.

कारण आपल्याकडं तोड झाली की फडाला काडी लागतेच. एकरी ३-४ टन पाचट जातं, म्हणजे सेंद्रिय कर्बच जातो. बुडखे मोकळे करून पाचट सरीत दाबा; टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट अन् १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. ओल टिकते. उंदीर वाढतात म्हणणारेही आहेत, त्यावर लक्ष ठेवावं लागेल.

यंदा खोडव्यात मी हेच केलंय. आवर्तन लांबलं तर ऊस कसा तग धरतो, ते फोटोसकट टाकतो.