आत्याबाईच्या मिशा

आत्या, मावशी, काकू, मामी. चौघींना जपानीत एकच शब्द, ओबासान. वहीत चार ओळींत चारदा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. (मधला 'बा' जरा लांबवला की त्याच बाईची आजी होते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीला एवढी शिक्षा मराठीच्या बाईंनीही कधी दिली नव्हती.)

मग आत्याबाईला मिशा असत्या तर? ओजिसान. म्हणजे म्हण तिकडंही चालेल. पण आपल्याकडं मिशांना घराणं कळतं. आत्याला आल्या तर काका, मावशीला आल्या तर मामा. मामीला आल्या तर मात्र ती कुणीच होत नाही. मामाच्या गळ्यात माळ घातली म्हणून ती मामी. काकूचंही तेच. रक्ताचं कोण आणि लग्नाचं कोण, हे आपण मिशा लावून ओळखू शकतो.

माझ्या आत्याला खरंच होत्या. मिशा नव्हेत, हनुवटीवर दोन राठ केस. वैरागला माहेरी आली की दुपारी ओसरीवर बसायची, आरशाचा तुकडा माझ्या हातात द्यायची आणि चिमटा स्वतःच्या हनुवटीला लावून मलाच म्हणायची, "हलू नगंस." ती म्हण तिच्यावरूनच निघाली असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

जपानीत थोरला भाऊ आनी, थोरली बहीण आने. आमच्या सोलापूरकडं अण्णा आणि अक्का, कानडीशेजारचे. लगेच कान टवकारले. जपानीचं नातं तमिळशी लावणारे सुसुमु ओनो नावाचे जपानी पंडित होऊनही गेले. पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ती सोयरीक मानली नाही.

सोयरिकीवरून आठवलं. थोरली बहीण आत्याच्याच घरी दिली. आत्याची सासू झाली, हाक तीच राहिली. आमच्याकडं परक्या घरात पडलेली सूनही सासूला आत्याच म्हणते. म्हणजे शब्दांची काटकसर आपणही करतोच. जपानी सून मात्र सासूला ओकाऽसान म्हणते. आई.

बहिणीनं आत्याला आई म्हटलं असतं? आमच्या घरात आईलाच कुणी आई म्हणत नव्हतं. चुलते 'वहिनी' म्हणायचे, तेच आम्ही उचललं. ती गेली तेव्हा बहिणीनं हंबरडा फोडला तोही 'वहिनीऽ' म्हणून.

परक्यांपाशी स्वतःच्या आईचा विषय निघाला तर जपानीत 'हाहा' म्हणायचं. त्या शब्दापुढं अर्थ लिहायचा होता. मी 'आई' लिहिलंय. पेन्सिलीनं.