हसत सांगितलेला मार

मुलाला मारणारा बाप समुपदेशनाला येतो तो बहुधा शाळेनं पाठवलं म्हणून, नाहीतर बायको माहेरी जाईन म्हणाली म्हणून. खुर्चीत टेकता टेकता तो म्हणतो, "मॅडम, आम्ही काय कमी मार खाल्लाय? काही बिघडलं का आमचं?" पाठोपाठ किस्सा येतोच. गुरुजींनी ओल्या फोकानं फोडून काढलं, वडिलांनी गोठ्यातल्या खांबाला बांधलं. किस्सा हातवारे करून, रंगवून सांगितला जातो. शेजारी बसलेली बायकोही हसते. सासरच्या प्रत्येक लग्नकार्यात तिनं तो ऐकलेला असतो.

रडणाऱ्या माणसाबरोबर काम करणं त्या मानानं सोपं. मला धास्ती वाटते ती या हशाची.

त्याचं कारण मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला त्या आणि त्यांच्या सहकारी लहान बाळांच्या कुटुंबांबरोबर काम करत. साडेपाच महिन्यांची एक मुलगी किंचाळून रडायची आणि तिची आई समोर असूनही भलतीकडे बघत बसायची. या बायकांनी तिला बाळ कसं घ्यावं याचे धडे दिले नाहीत. त्या तिच्या घरी जात राहिल्या आणि तिला तिच्या स्वतःच्या बालपणाबद्दल विचारत राहिल्या. ते नातेवाइकांच्या दारोदार, नकोशी म्हणून गेलेलं. काय काय घडलं ते तिला ठाऊक होतं, पण सांगताना आवाज सपाट असायचा. पुढे ती स्वतःसाठी रडायला लागली आणि लेकीला छातीशी धरायला लागली. फ्रायबर्गबाईंचं म्हणणं असं, की ज्याला झालेला प्रकार आठवतो पण तेव्हाचं दुखणं आठवत नाही, त्याच्याच हातून तो प्रकार पुन्हा घडण्याची भीती जास्त. मोजक्या कुटुंबांवरून काढलेला निष्कर्ष आहे, मान्य. पण माझ्या खोलीत तो रोज खरा होताना दिसतो.

म्हणून मी किश्शाला हसत नाही आणि तो तोडतही नाही. बारीकसारीक विचारत राहते. खांबाला बांधलं तेव्हा कितवीत होता? दोर कसला होता? संध्याकाळ होती की दुपार? असंच विचारता विचारता एकाला मी म्हटलं, "आई कुठे होती?" (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.) तो मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडत-लावत बसला. मग म्हणाला, "चुलीपाशी. भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता. मला वाटलं, आता येईल. थोड्या वेळानं आवाज परत सुरू झाला." हा भाग कुठल्याच लग्नात सांगितला गेला नव्हता. बायको त्याच्याकडे बघत राहिली.

इथे कुणीतरी 'श्यामची आई' काढतंच. पोहायला जायचं टाळून लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारते, ते सगळ्यांना पाठ असतं. पण नंतर ती त्याच्याशी बोलते आणि त्याला का मारलं ते सांगते. ते पान आपण सोडून देतो. साने गुरुजींना मार आठवतो, त्याबरोबरचं रडूही आठवतं, तेही नाशिकच्या तुरुंगात बसून. आपल्याकडे शिंपटीच तेवढी उरली. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत दर तीन मुलांतल्या दोघांनी शारीरिक मार सोसल्याचं दिसलं होतं, याचं मला नवल वाटत नाही.

मारणाऱ्याचं बालपण ऐकते म्हणून त्याला मोकळीक मिळते, असं मात्र नाही. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागेल, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. आणि नवरा बायकोवर हात उचलत असेल तर दोघांना एकत्र बसवत नाही. बाई इथे जे बोलेल त्याचा हिशेब घरी गेल्यावर चुकता होतो. "मिटवून टाका, मॅडम" म्हणणाऱ्या आत्या-मामांना मी चहा पाजते आणि बाहेर बसवते.

परत त्या बापाकडे. मुलगा आठ वर्षांचा. त्याला मारायला हात उचलला की घरात मध्ये कोण पडतं, असं विचारलं, तर उत्तर आलं, "आमचे वडील." तेच, खांबाला बांधणारे. आता नातवाला पोटाशी घेऊन ते लेकाला बजावतात, पोराला हात लावायचा नाही. "आणि तेव्हा माझं पित्त खवळतं," तो म्हणाला. इथे पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "मला तेव्हा कुणी सोडवलं होतं?"

आजोबांना मी भेटायला बोलावलंय. "मला काय वेड लागलंय का?" असा निरोप आलाय. त्यांचा मुलगा आणि सून म्हणतात, येणार नाहीत. मला वाटतं, येतील. नातवाला घेऊन या, असा उलट निरोप मी धाडलाय.